जलजीवालयातील नवागत माशांचे रोग

जलजीवालयात (शोभिवंत मासे पाळण्याच्या काचेच्या टाकीत) नव्याने सोडलेल्या माशांना पहिल्या तीन-चार आठवड्यांत होणारे विकार, तसेच अशा माशांमुळे टाकीतील जुन्या माशांत पसरणारे रोग, यांच्या निदानाचा व उपचारांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. विवेचन मुख्यत्वे गोड्या पाण्यातील माशांचे असून खाऱ्या पाण्यातील माशांचा उल्लेख प्रसंगोपात्त आला आहे. नवा मासा मलूल दिसताच टाकीत औषध घालण्याची प्रथा सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात अशा माशांचे अनेक विकार रोगजंतूंमुळे नव्हे, तर पाण्यातील दोषांमुळे उद्‌भवतात व त्यांवर औषध दिल्यास हानीच होते. म्हणून प्रथम पाणी, मग मासा व शेवटी औषध हा निदान-उपचाराचा क्रम महत्त्वाचा मानला जातो.

रोगास अनुकूल परिस्थिती : भारतात कोलकाता व चेन्नई ही शोभिवंत माशांच्या उत्पादनाची व व्यापाराची प्रमुख केंद्रे असून तेथून मासे प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मुंबई, पुणे, नागपूर इ. शहरांत येतात. उत्पादक, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता व ग्राहक अशा टप्प्यांत मासा थोड्याच दिवसांत तीन-चार वेळा निरनिराळ्या पाण्यांत जातो. प्रवासात त्यास उपाशी ठेवलेले असते. जाळ्यात धरताना त्याच्या अंगावरील श्लेष्मल (बुळबुळीत) थर खरवडला जातो. हा थर व त्वचा ही रोगजंतूंना अडविणारी पहिली तटबंदी होय. दाटी, भीती व तापमानातील बदल यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती घटते आणि एरवी निरुपद्रवी ठरेल इतक्या थोड्या परजीवींचीही झपाट्याने वाढ होते.

लांबच्या प्रवासात पिशवीतील पाण्याच्या रसायनशास्त्रास विशेष महत्त्व असते. माशाच्या श्वसनाने पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड साठतो व पाणी अम्लीय होते. त्याच वेळी कल्ल्यांवाटे उत्सर्जित होणारा अमोनियाही साठत जातो. पाण्यातील अमोनिया मुक्त व आयनीभूत (विद्युत् भारित) अशा दोन स्वरूपांत असतो आणि त्यांपैकी मुक्त अमोनिया अधिक विषारी असतो. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियाचा सु. ०·६ टक्के, ८ असताना सु. ५ टक्के व ९ असताना सु. ३६ टक्के भाग मुक्त स्वरूपात असतो. म्हणजे दर लिटरला २ मिग्रॅ. एकूण अमोनिया असलेल्या पाण्यात पीएच ७ असता मुक्त अमोनिया सु. ०·०१ मिग्रॅ. भरतो, तर पीएच ८ असता तो सु. ०·११ मिग्रॅ. होतो. दर लिटरला ०·०५ मिग्रॅ. मुक्त अमोनियादेखील कल्ल्यांना इजा करू शकतो. पिशवी उघडताच कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो, पीएच वाढते आणि तोवर सुसह्य असलेला अमोनिया विषारी बनतो. यास्तव एक-दोन दिवसांच्या प्रवासाने आलेल्या माशांच्या उघड्या पिशवीत टाकीचे पाणी तासन्‌तास थेंबथेंब मिसळत राहणे अहितकारक ठरते. बंद पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान समान करावे, नंतर मासा जाळ्याने उचलून टाकीत सोडावा व पिशवीतील पाणी फेकून द्यावे. दुकानापासून घरापर्यंतच्या अल्प प्रवासात हा धोका फारसा नसतो. तथापि पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये, हा नियम तेथेही पाळावा.

निदानाची पद्धत : कोणते मासे आजारी पडले व सोडल्यापासून किती काळाने पडले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून पुष्कळदा रोगाची दिशा कळते. (१) काही तासांतच नवे व जुने सर्व मासे तडफडू लागले किंवा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर पाण्यात विष (बहुधा नळाच्या पाण्यातील क्लोरीन वा कीटकनाशकाचा फवारा) मिसळले आहे किंवा प्राणवायू अपुरा आहे, असे समजावे. वीज खंडित होऊन हवा सोडणारा पंप बंद पडल्यावरही हेच चित्र दिसते. (२) जुने मासे ठणठणीत असून केवळ नवे मासे पहिल्या एक-दोन दिवसांत दगावले, तर प्रवासातील इजा अथवा दोन पाण्यांच्या तापमानातील, पीएचमधील वा क्षारतेतील तफावत हे संभाव्य कारण असते. (३) चार ते दहा दिवसांनी प्रथम नव्या व पाठोपाठ जुन्या माशांत सारखीच लक्षणे दिसू लागली, तर तो संसर्गजन्य रोग समजावा. (४) टाकी नवी असून एक-दोन आठवड्यांत सर्व मासे हळूहळू मंदावत गेले, तर अमोनिया वा नायट्राइट वाढलेले असण्याची शक्यता अधिक असते.

कोणत्याही प्रकारात पहिली कृती म्हणजे पाण्याची परीक्षा होय. तापमान, पीएच, अमोनिया व नायट्राइट या चार गोष्टी मोजण्याची साधी साधने शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. त्यानंतर मासा न पकडता काही वेळ पाहावा. मिटलेले पर, मंदावलेली भूक, खडकावर वा वाळूवर अंग घासणे, कल्ल्यांची जलद उघडझाप व रंग फिकट वा काळपट होणे ही सर्वसाधारण अस्वास्थ्याची लक्षणे असून ती कोणत्याही एका रोगाची निदर्शक नसतात. जातीचे स्वाभाविक वर्तनही ध्यानी घ्यावे लागते. गुरामी व फायटर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, तो आजार नव्हे. मात्र गोल्डफिश वा टेट्रा सतत तसे करू लागल्यास ते संकटाचे चिन्ह होय. मॉली मासा मऊ पाण्यात एकाच जागी हेलकावे घेत राहतो. त्याचे कारण बहुधा पाण्यातील खनिजांची कमतरता हे असते.

निश्चित निदानासाठी सूक्ष्मदर्शक आवश्यक असतो. माशाच्या अंगावरील श्लेष्मा काचेच्या पातळ झाकणपट्टीने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच निपटून काढतात व टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवून ४० ते १०० पट विशालनाखाली पाहतात. नमुना जिवंत अथवा नुकत्याच मेलेल्या माशाचा असावा. मरून काही तास लोटलेल्या माशाच्या अंगावरून परजीवी निघून गेलेले असतात व नंतर शिरलेले कुजविणारे जंतू दिशाभूल करतात.

पाण्याच्या दोषांमुळे होणारे विकार : टाकीतील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटाचे कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू गाळणीत (फिल्टरमध्ये) व वाळूवर वसती करतात. नव्या टाकीत ती पुरेशी होण्यास सु. चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर करतात, असा दीर्घकाळ समज होता. परंतु गोड्या पाण्याच्या जलजीवालयांत ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा या गटातील सूक्ष्मजंतू करतात, असे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. मुरलेल्या टाकीतही एकदम अनेक मासे सोडल्यास या सूक्ष्मजंतूंची क्षमता अपुरी पडते.

अमोनियाच्या बाधेत कल्ले सुजून लाल होतात, परांच्या कडा झिजतात व मासा धापा टाकतो. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनावर परिणाम करून त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट करते. त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो व त्याचे कल्ले तपकिरी दिसतात. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे टाकीतील चतुर्थांश ते निम्मे पाणी बदलणे, खाद्य थांबविणे व हवेचा पुरवठा वाढविणे. घालावयाचे पाणी समतापी व क्लोरीनरहित असावे. पाण्यातील १ मिग्रॅ. क्लोरीन घालविण्यास सु. ७ मिग्रॅ. सोडियम थायोसल्फेट (स्फटिक) लागते. नायट्राइटाच्या बाधेत थोडे साधे मीठ उपयोगी पडते. कारण मिठातील क्लोराइड आयन कल्ल्यांवाटे नायट्राइट आत शिरण्यास अटकाव करतात. या विकारांना संसर्गजन्य समजून प्रतिजैव औषध घातल्यास गाळणीतील उपयुक्त सूक्ष्मजंतू मरण्याचा संभव असतो. तसे झाल्यास अमोनिया आणखी वाढतो, मासे अधिक आजारी दिसतात व औषधाची मात्रा वाढविली जाते. या दुष्टचक्रात संपूर्ण टाकी रिकामी होऊ शकते.

पांढरे ठिपके : नवागत माशांमुळे पसरणारा हा बहुधा सर्वांत परिचित रोग होय. तो इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या प्रजीवामुळे (एकाच कोशिकेच्या सूक्ष्म प्राण्यामुळे) होतो. या प्रजीवाचे शास्त्रीय वर्णन फूके यांनी १८७६ मध्ये केले. अंगावर व परांवर रव्याच्या कणांएवढे, सुटे सुटे, पांढरे ठिपके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश गरगरणारा, अंगभर केसल असलेला व घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक असलेला प्रजीव दिसला की निदान निश्चित होते. काही वेळा तो केवळ कल्ल्यांत असतो; अशा वेळी अंगावर एकही ठिपका न दिसता मासे दगावतात.

या रोगावरील उपचार यशस्वी होणे वा फसणे हे परजीवीच्या जीवनचक्राच्या ज्ञानावर अवलंबून असते. त्वचेच्या आत वाढणाऱ्या परजीवीपर्यंत पाण्यातील औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो माशास सोडून तळाशी, वनस्पतींवर वा गोगलगाईच्या शंखावर पुटी (संरक्षक कवच) तयार करतो. त्या अवस्थेतही औषध निष्प्रभ ठरते. पुटीत विभाजन होऊन शेकडो पिल्ले बाहेर पडतात व त्यांना एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास ती मरतात. या पोहणाऱ्या अवस्थेतच ती औषधाने मारता येतात. २५° से. तापमानास हे चक्र तीन ते सहा दिवसांत पुरे होते, तर १०° से. तापमानास त्यास कित्येक आठवडे लागतात. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ठिपके नाहीसे होणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. उलट नव्या पिल्लांच्या हल्ल्याची ती पूर्वसूचना असते. तसेच एकाच मात्रेने रोग हटत नाही. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार किमान एक आठवडा चालू ठेवावे लागतात. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात टाकीचे पाणी रात्री बरेच गार होते. अशा बदलांनी मासे दुबळे होऊन हा रोग बळावतो, तर थंड पाण्यामुळे त्याचे चक्र लांबते. म्हणून तापक (हीटर) वापरून तापमान स्थिर ठेवणे इष्ट असते.

उपचारात तापमान रोज एक-दोन अंशांनी वाढवून सु. ३०° से. पर्यंत नेतात व दर लिटरला १ ते ३ ग्रॅ. मीठ टप्प्याटप्प्याने विरघळवितात. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो (२५° से. तापमानास दर लिटरला सु. ८·३ मिग्रॅ., तर ३०° से. तापमानास सु. ७·६ मिग्रॅ.), म्हणून हवेचा पुरवठा वाढवावा लागतो. मीठ नाजूक वनस्पतींना व काही जातींच्या माशांना मानवत नाही. पर्यायी औषधांत फॉर्मॅलीन (दर १,००० लि. पाण्यास १५ ते २५ मिलि.) व मॅलकाइट ग्रीन ही प्रमुख आहेत. फॉर्मॅलीन पाण्यातील प्राणवायू घटविते. तसेच बाटलीत पांढरा साका जमलेले फॉर्मॅलीन अत्यंत विषारी असल्याने वापरू नये. मॅलकाइट ग्रीन मानवी आरोग्यास घातक मानले जात असल्याने खाद्य माशांसाठी त्याच्या वापरास अनेक देशांत बंदी आहे. हाताळताना हातमोजे घालावेत. खवले नसलेले मासे त्यास विशेष संवेदनशील असतात.

पांढऱ्या ठिपक्यांशी गफलत होणारे रोग : पिसिनोडिनियम या प्रजीवामुळे माशाच्या अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी शिंपडल्यासारखी दिसते, अंधारात बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकल्यास ती स्पष्ट होते. हा रोग पांढऱ्या ठिपक्यांहून अधिक वेगाने मारक ठरतो. त्यावर ताम्रयुक्त औषधे गुणकारी असली, तरी मऊ पाण्यात तांबे माशांनाही विषारी ठरते, तर गोगलगाई व कोळंबी यांना ते अल्प मात्रेतही मारक असते. खाऱ्या पाण्यातील माशांत असेच रोग क्रिप्टोकॅरिऑन व अमायलोडिनियम यांमुळे होतात.

तोंडाभोवती व पाठीवर खोगिराच्या आकाराचे करडे-पांढरे चट्टे पाडणारा रोग फ्लॅव्होबॅक्टीरियम कॉलम्नेअरी व त्याच्या निकटच्या जातींच्या सूक्ष्मजंतूंमुळे होतो. चट्टे कापसासारखे दिसत असल्याने त्यास बुरशी समजून बुरशीनाशक दिले जाते व मौल्यवान वेळ वाया जातो. खरी बुरशी (सॅप्रोलेग्निया) बहुधा जखमेवर, थंड पाण्यात व लांब तंतूंच्या झुबक्याच्या रूपात वाढते. येथे निदानातील चूक विशेष महागात पडते. कारण पांढऱ्या ठिपक्यांवर उपयोगी पडणारी तापमानवाढ या सूक्ष्मजंतूंच्या वाढीस पोषक ठरते व एक-दोन दिवसांत मासे दगावतात. अशा रोगात पाणी ऊन करू नये. प्रतिजैव औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेगळ्या टाकीत व पूर्ण मुदतीपर्यंत द्यावे. अर्धवट उपचारांनी औषधास दाद न देणारे सूक्ष्मजंतू निपजतात.

कृमी व अन्य परजीवी : गायरोडॅक्टिलस हा पृथुकृमी (चपटा कृमी) त्वचेवर राहतो व पिल्लांना जन्म देतो, तर डॅक्टिलोगायरस कल्ल्यांवर राहून अंडी घालतो. मासा अंग घासतो, एक कल्ला मिटून घेतो. मात्र ठिपके दिसत नाहीत. प्राझिक्वांटेल (दर लिटरला २ ते ३ मिग्रॅ.) हे गुणकारी असले, तरी अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने काही दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. लर्निया व आर्ग्युलस हे कवचधारी परजीवी नुसत्या डोळ्यांनी दिसतात व तळ्यात वाढविलेल्या गोल्डफिश व कोई माशांबरोबर येतात. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धाग्यांसारखे कृमी बाहेर डोकावत असल्यास ते कॅमलॅनस होत; त्यांवर लेव्हामिसोल वापरतात. एंजल व डिस्कस माशांत पांढरी, लांबट विष्ठा व खंगणे ही आतड्यातील कशाभिकायुक्त प्रजीवांची संभाव्य लक्षणे असून त्यांवर मेट्रोनिडाझोल खाद्यातून देतात.

असाध्य रोग : विषाणुजन्य रोगांवर औषध उपलब्ध नाही. कोई माशांतील हर्पिस विषाणुरोग १९९८ मध्ये इझ्राएल व अमेरिका येथील साथींत प्रथम ओळखला गेला. गोल्डफिशमध्येही तत्सम विषाणू आढळतो. माशांतील क्षयसदृश रोगात मासा दिवसेंदिवस खंगतो, पोट आत जाते, पाठ वाकते व अंगावर व्रण पडतात. त्यास कारणीभूत असणारा मायकोबॅक्टीरियम मरायनम हा सूक्ष्मजंतू ॲरन्सन यांनी फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील माशांत शोधून १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. हा सूक्ष्मजंतू हातावरील जखमेतून माणसासही बाधतो व दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी निर्माण करतो. यामुळे हातास जखम असताना टाकीत हात घालू नये. अशी गाठ दिसल्यास मासे पाळत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

मात्रेचे गणित : औषधाची मात्रा टाकीतील प्रत्यक्ष पाण्यावर ठरवितात. लांबी, रुंदी व पाण्याची उंची (सेंमी.) यांचा गुणाकार करून त्यास १,००० ने भागल्यास लिटर मिळतात. ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच टाकीत २७ सेंमी. पाणी असल्यास ते सु. ४८ लि. होते, वाळू व दगड यांची जागा वजा जाता ४३ ते ४५ लि. उरते. अशा टाकीस दर लिटरला २ ग्रॅ. या प्रमाणात सु. ९० ग्रॅ. मीठ लागेल. गाळणीतील कोळसा औषध शोषून घेत असल्याने उपचारकाळात तो काढून ठेवावा. दोन औषधे एकत्र वापरू नयेत.

प्रतिबंध : नव्या माशांना मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी तीन ते चार आठवडे निराळ्या टाकीत ठेवणे (विलगीकरण) हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. त्यासाठी ४०-५० लि. पाण्याची, वाळू नसलेली टाकी, मुख्य टाकीत आधी मुरविलेली स्पंजाची गाळणी, तापमापक व लपण्यासाठी नळीचे तुकडे एवढे साहित्य पुरते. जाळे, नळी व बादली स्वतंत्र असाव्यात, कारण ओल्या जाळ्यातूनही रोग पसरतो. नव्या वनस्पती व गोगलगाई यांच्यावरही पुटी येऊ शकत असल्याने त्यांनाही माशांविना काही दिवस वेगळे ठेवणे हितावह असते. या मुदतीत रोग दिसला नाही, तर औषध मुळीच देऊ नये. दुकानात निवड करताना केवळ तोच मासा नव्हे, तर त्याच्या टाकीतील इतर मासेही न्याहाळावेत. एकही मेलेला वा ठिपके असलेला मासा त्या टाकीत दिसल्यास तेथील मासे घेऊ नयेत.

आजारी वा नकोसे मासे नदीत, तळ्यात अथवा विहिरीत सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोग नैसर्गिक माशांत जातात. शिवाय सकर म्हणून विकला जाणारा परदेशी मांजरमासा अशाच रीतीने भारतातील अनेक जलाशयांत रुजला असून स्थानिक जातींना उपद्रवकारक ठरला आहे. मेलेले मासे जमिनीत पुरावेत. टाकीचे पाणी जमिनीवर ओतावे व जाळी, नळ्या निर्जंतुक करून उन्हात कडकडीत वाळवाव्यात.